आधी काय लिहिलं होतंस?
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



‘कॉम्प्युटरबद्दल बोल, पण दहा मिनिटांत आणि सगळ्यांना कळेल असं,’ अशी समितीची अट आहे. म्हणून सुरुवात प्रयोगवहीपासून करते.

विज्ञानाच्या बाई प्रयोगवहीत खोडरबर चालू देत नसत. आकडा चुकला तर एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. मी एकदा ब्लेडने आकडा खरवडला. बाईंनी पान उजेडाकडे धरलं आणि एवढंच विचारलं, ‘आधी काय लिहिलं होतंस?’ मला आठवेना.

पुढे इंजिनिअर झाले आणि नेमका हाच धडा विसरले.

काही वर्षांपूर्वी आम्ही एका सर्वेक्षणाचं विश्लेषण ‘आर’ या संख्याशास्त्राच्या भाषेत करत होतो. ज्यांनी वय सांगितलं नव्हतं, त्यांच्यापुढे ९९ लिहिलेलं होतं. सरासरी काढण्याआधी ते ९९ वगळणारी एक ओळ प्रोग्राममध्ये होती. अहवाल गेला तेव्हा ती ओळच गायब! सरासरी वय भलतंच वाढलं. मी आमच्या नवख्या सहकाऱ्याला सगळ्यांसमोर बोलले. तो म्हणाला, ‘मॅडम, मी फाइल दिली तेव्हा ओळ होती.’ फोल्डरमध्ये ‘फायनल’, ‘फायनल २’, ‘नक्की फायनल’. पुरावा कुठेच नाही.

पंधरा दिवसांनी त्याच्या जुन्या ईमेलला जोडलेली फाइल सापडली. ओळ तिथे होती. काहीतरी तपासताना मीच ती काढली होती आणि परत घालायला विसरले होते. मी माफी मागितली, तीही सगळ्यांसमोर. पण ते पंधरा दिवस त्याने कसे काढले असतील, हे अजून टोचतं.

त्याच आठवड्यात आम्ही गिट बसवलं. लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये सुरू केलेलं हे मोफत सॉफ्टवेअर. त्याला आपलं नाव आणि ईमेल एकदा सांगायचं, प्रयोगवहीच्या पहिल्या पानावर लिहायचो तसं. मग आर-स्टुडिओत आपलं प्रोजेक्ट उघडायचं, ‘टूल्स’मधून ‘प्रोजेक्ट ऑप्शन्स’मध्ये जायचं आणि ‘गिट’ निवडायचं. आर-स्टुडिओ पुन्हा सुरू झालं की गिटचा टॅब दिसतो. बदललेल्या फाइलीपुढे टिक करायची, एका ओळीचा शेरा लिहायचा आणि ‘कमिट’ दाबायचं. काढलेली ओळ लाल दिसते, घातलेली हिरवी. सोबत नाव, तारीख, वेळ.

तीन गोष्टी अनुभवाने सांगते. शेरा ‘बदल केला’ असा नको. ‘वय ९९ असलेल्या नोंदी वगळल्या’ असा हवा. लोकांची खासगी माहिती असलेल्या फाइलींची नावं पहिल्या कमिटच्या आधीच ‘गिटइग्नोर’ फाइलीत लिहा, कारण एकदा आत गेलेलं नुसतं फाइल पुसून जात नाही. आणि हा सगळा इतिहास आपल्याच कॉम्प्युटरवर असतो, तेव्हा त्याची एक प्रत दुसरीकडे ठेवा. तुमच्यापैकी कुणाची मुलं संशोधन करत असतील, तर त्यांना हे आजच सांगा.

बाई, तुम्ही आज पहिल्या रांगेत बसला आहात. ‘आधी काय लिहिलं होतंस?’ असं आता कुणी विचारलं, तर मला दाखवता येतं. उशीर झाला, पण धडा पक्का झाला.