पिकअपच्या पाट्यांना हवेच्या उशीचा आधार : आधी वजन, मग हवा

(शेतकरी बांधवांसाठीच्या रेडिओ कार्यक्रमातील भाषणाचा मजकूर)



आजचा विषय ऐकून काहीजण म्हणतील, साहेब, खता-औषधाचं सांगायचं सोडून हे गाडीच्या पाट्यांचं काय काढलंत? विचारणं बरोबर आहे. पण चार महिने जिवापाड जपलेला टोमॅटो मार्केटात उतरताना खालच्या क्रेटमध्ये दबलेला निघतो, तेव्हा ते नुकसान शेतीचेच असते. आणि आता गावोगावी पिकअप आल्या आहेत. माल आपला, गाडी आपली, चालवणारा घरचाच मुलगा. म्हणून हा विषय आपल्या कार्यक्रमात घेतला.

गेल्या हंगामात जुन्नर भागातल्या एका बागायतदाराच्या गाडीतून मी कल्याणच्या बाजारापर्यंत गेलो होतो. माल वाटेत किती खराब होतो ते डोळ्यांनी पाहायचे होते. गाडीत टोमॅटोचे सत्तर क्रेट. माल भरला की मागचा भाग बसतो, म्हणून त्यांनी रस्त्याकडेच्या पाटेवाल्याकडून दोन्ही बाजूंना दोन-दोन पाटे वाढवून घेतले होते. गाडी भरल्यावरही कशी ताठ उभी राहते, हे ते मोठ्या कौतुकाने दाखवत होते. माळशेज घाट उतरू लागलो. पाऊस नुकताच पडून गेला होता. एका वळणाच्या अलीकडे त्यांनी ब्रेक दाबला, तर गाडीचे नाक खाली गेले, पुढची चाके घसरली आणि मागून सगळा भार ढकलत आला. कठड्यापासून हातभर अंतरावर गाडी थांबली. मधल्या सीटवर त्यांचा सातवीतला मुलगा बसला होता. त्यानंतर मुरबाडपर्यंत गाडीत कोणी बोलले नाही.

मुरबाडला एका जाणत्या मिस्त्रीने गाडीखाली शिरून कारण दाखवले, आणि ते मलाही नवीन होते. बऱ्याच पिकअपना मागच्या ब्रेकच्या पाइपवर एक व्हॉल्व्ह असतो आणि त्याची दांडी मागच्या एक्सलला जोडलेली असते. गाडी भरली की चासी खाली बसते, दांडी हलते आणि मागच्या ब्रेकला जास्त जोर मिळतो. गाडी रिकामी असली की चासी वर असते, तेव्हा हा व्हॉल्व्ह मागचा जोर कमी करतो, नाहीतर हलकी मागची चाके जाम होऊन गाडी आडवी फिरेल. आता पाटे वाढवून आपण भरलेली गाडीही वर उचलून धरली. व्हॉल्व्हला वजन कळत नाही, त्याला फक्त उंची कळते. त्याने समजून घेतले की गाडी रिकामी आहे. दीड टन मालाला रिकाम्या गाडीचे ब्रेक मिळाले.

कल्याणला माल उतरवला. खालच्या दोन थरांतला टोमॅटो जागोजागी दबलेला, काही फुटलेला. तोही पाट्यांचाच प्रताप होता, कारण ताठ पाटे खड्ड्याचा हिसका गिळत नाहीत, सरळ मालाला देतात. रिकामी गाडी परत येताना तर आम्ही दोघे पोत्यातल्या बटाट्यासारखे उडत होतो.

आता हवेच्या उशीकडे वळू. शिवनेरीसारख्या व्होल्वो बसमधून पुण्या-मुंबईचा प्रवास केलेल्यांना तिचा अनुभव आहे. त्या बसखाली पाट्यांच्या जागी हवेने भरलेले जाड रबराचे फुगे असतात, म्हणून खड्डा जाणवत नाही. पिकअपसाठी मिळतात त्या उश्या यापेक्षा साध्या. कंपनीचे पाटे तसेच राहतात. एक्सल आणि चासी यांच्या मधे, दोन्ही बाजूंना एकेक उशी बसते. गाडीच्या टायरला असतो तसला व्हॉल्व्ह मागे नंबरप्लेटजवळ आणून ठेवतात, त्यातून टायरसारखी हवा भरायची.

पाट्यापेक्षा ही उशी एका बाबतीत सरस आहे. पाटा एकदा घातला की रात्रंदिवस ताठ. उशीतली हवा मात्र माल भरल्यावर वाढवता येते आणि उतरल्यावर कमी करता येते. शिवाय हवा जसजशी दाबली जाते तसतशी ती जास्त विरोध करते. त्यामुळे लहान खड्ड्यात मऊ, मोठ्या हिसक्याला कडक, असे तिचे वागणे असते. द्राक्ष, टोमॅटो, अंजीर असा नाजूक माल नेणाऱ्याला याचा उपयोग आहे. एवढे ऐकून कोणी उद्याच तालुक्याला उश्या आणायला निघेल, म्हणून लगेच दुसरी बाजू सांगतो.

उशी घातल्याने गाडीची माल वाहण्याची ताकद एका किलोनेही वाढत नाही. उशी फक्त बसलेला मागचा भाग उचलते. एक्सल तोच, बेअरिंग तीच, टायर आणि ब्रेक तेच. पूर्वी गाडी मागे बसायची, म्हणजे ती निदान सांगत तरी होती की बाबा, जास्त झाले. उशीने तिचे ते तोंड बंद होते.

तेव्हा पहिले काम आर.सी. बुक उघडण्याचे. त्यात रिकाम्या गाडीचे वजन आणि भरलेल्या गाडीचे कमाल वजन असे दोन आकडे असतात. समजा रिकामे १,७०० किलो आणि भरलेले ३,००० किलो आहे. मधले १,३०० किलो आपले. पण त्यातच ड्रायव्हर, मालक आणि बाजाराला निघालेले पाहुणे आले. तिघांचे २०० किलो धरा, उरले १,१००. टोमॅटोचा भरलेला क्रेट २२ किलोचा धरला, तर ५० क्रेट झाले. आमच्या त्या गाडीत सत्तर होते! मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून जादा मालाला कायद्यात २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये दंड लिहिलेला आहे. वीस क्रेटचे भाडे वाचवताना हा हिशोब मनात असू द्यावा.

आता मागे काहीतरी जोडून ओढणाऱ्यांविषयी. हल्ली पिकअपच्या मागे कोणी पाण्याचा छोटा टँकर जोडतो, कोणी चाकावरचे इंजिन, कोणी मळणी यंत्र. जोडले की गाडी मागे बसते आणि मग उशीची आठवण होते. इथे आपली जुनी बैलगाडी आठवा. गाडी भरताना जाणता माणूस आधी काय पाहायचा? भार मागे गेला की गाडी उलार होते, जू वर उचलते आणि जुपण्यांनी बैलाचा गळा आवळतो. भार फार पुढे आला की गाडी धुरजड होते आणि बैलाच्या मानेवर ओझे येते. किंचित भार जुवावर राहील अशी गाडी भरायची, हे आपल्या आजोबांना कोणी शिकवावे लागले नाही. दोन चाकांच्या ट्रेलरलाही तेच लागू आहे. त्याच्या एकूण वजनाचा दहावा ते सातवा हिस्सा दांडीवर, म्हणजे हुकावर, आला पाहिजे. त्याहून कमी असला तर वेगात ट्रेलर शेपटीसारखा डावी-उजवीकडे झोके घेतो आणि गाडीलाही ओढून नेतो.

हुकावरच्या या वजनाचा गाडीवर काय परिणाम होतो, तो हिशोब बघा. हुकावर १०० किलो आले. हुक मागच्या एक्सलच्या मागे १.२ मीटर आहे आणि गाडीच्या पुढच्या-मागच्या चाकांतले अंतर ३ मीटर आहे. अशा वेळी मागच्या एक्सलवर १०० नव्हे तर १४० किलो वाढतात. वरचे ४० आले कुठून? पुढच्या चाकांवरून. तराफीसारखा प्रकार झाला, शेपूट दाबले की डोके वर. म्हणजे पिकअपच उलार झाली. पुढची चाके हलकी झाली की स्टिअरिंग हलके लागते आणि ओल्या रस्त्यावर वळताना गाडी सरळ पळू बघते.

उशीत हवा भरली की मागचा भाग उचलतो, गाडी डोळ्यांना सरळ दिसते. पण पुढच्या चाकांवरून गेलेले ते ४० किलो परत येत नाहीत. गाडी दिसायला सरळ झाली तरी वजनाने उलारच राहिली. ते वजन परत आणायचे तर हौद्यातला जड माल पुढे, केबिनला टेकवून लावा, किंवा हुकावरचा भार कमी करा. हवा हे शेवटचे काम, पहिले नव्हे.

हुकावर किती वजन येते ते घरीच मोजता येते. कांद्याची पोती मोजायचा काटा बऱ्याच घरी असतो. ट्रेलर भरा, सपाट जागी उभा करा, चाकांना पुढून-मागून दगड लावा. काट्यावर लाकडाचा ठोकळा ठेवून दांडीचे टोक हुकाच्या उंचीवर त्यावर टेकवा आणि आकडा वाचा. पूर्ण गाडीचे वजन मात्र मोठ्या वजनकाट्यावर करावे. एकदा सगळी गाडी चढवून आणि एकदा फक्त मागची चाके चढवून, अशा दोन पावत्या घ्याव्यात. शंभर-दोनशे रुपयांकडे पाहू नका.

पाण्याच्या टँकरबद्दल माझे मत स्पष्ट आहे. हजार लिटर पाणी म्हणजे एक टन, टाकी आणि चाके वेगळी, आणि त्या टँकरला स्वतःचे ब्रेक नसतात. अर्धा भरलेला टँकर तर आणखी वाईट, पाणी आत हिंदकळून प्रत्येक ब्रेकला गाडीला धक्का देते. ते ट्रॅक्टरचे काम आहे, ट्रॅक्टरलाच करू द्या. गाडीबरोबर आलेल्या पुस्तिकेत किती वजन ओढता येते याचा आकडा दिला नसेल, तर कंपनीने ती गाडी ओढण्यासाठी दिलेली नाही असे समजावे. ट्रेलर हे कायद्याने वेगळे वाहन आहे, त्याची नोंदणी लागते. आणि १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही. म्हणून पाटा असो की उशी, आधी आर.टी.ओ. आणि कंपनीच्या वर्कशॉपमध्ये विचारावे. न विचारता केलेल्या बदलावर अपघातानंतर विमा कंपनी हरकत घेऊ शकते, आणि तेव्हा भांडायला आपल्याकडे कागद नसतो.

इतके सगळे पाहून, वजन हिशोबात बसवूनही नाजूक मालासाठी उशी हवीच असेल, तर जरूर बसवावी. बसवताना दोन्ही उश्यांच्या हवेच्या नळ्या वेगळ्या ठेवायला सांगा. एकत्र जोडल्या तर वळणावर दाबलेल्या उशीतली हवा पलीकडच्या उशीत जाते आणि गाडी जास्त कलते. उशी सायलेन्सरजवळ येत असेल तर मधे पत्र्याचा आडोसा हवा, रबर उष्णतेने भाजते. ब्रेकचा पाइप कुठे घासत नाही ना, ते स्वतः वाकून पाहा, मिस्त्रीच्या शब्दावर सोडू नका. आणि मघाशी सांगितलेला ब्रेकचा व्हॉल्व्ह वर्कशॉपमध्ये दाखवून नव्या उंचीप्रमाणे जुळवून घेतल्याशिवाय भरलेली गाडी घाटात घालू नका.

हवा किती भरायची? गाडी रिकामी असताना मागच्या चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची टेपने मोजा आणि पुढचीही मोजून दोन्ही आकडे केबिनमध्ये लिहून ठेवा. माल भरल्यावर मागची उंची रिकाम्या उंचीच्या थोडी खालीच राहील इतकी हवा भरा. पूर्ण वर उचलण्याचा हट्ट नको. पुढची उंची रिकाम्या गाडीपेक्षा वाढलेली दिसली, तर हवेला हात लावू नका, माल पुढे सरकवा. उशीवर जो जास्तीत जास्त दाब लिहिला असेल त्याच्या पुढे कधीच जाऊ नये.

माल उतरल्यावर हवा कमी करायची, पण सगळी सोडायची नाही. बहुतेक बनावटींत रिकाम्या गाडीलाही निदान ५ पौंड हवा ठेवायला सांगितलेले असते. काही गाड्यांत उशीला जागा करण्यासाठी एक्सलवरचा आपटरबर काढलेला असतो, अशा वेळी हवा नसलेली उशी दोन लोखंडांत चेचली जाते. आठवड्यातून एकदा साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहावे. वाटेत एक उशी फुटलीच तर घाबरू नका, खाली कंपनीचे पाटे आहेत. गाडी एका बाजूला कलेल. दुसऱ्या उशीतली हवाही ५ पौंडांपर्यंत उतरवून गाडी सारखी करा आणि सावकाश जवळच्या गावापर्यंत जा.

त्या जुन्नरच्या बागायतदारांनी वाढवलेले पाटे काढून टाकले आहेत. उश्या अजून घेतलेल्या नाहीत. सध्या ते पन्नासच क्रेट भरतात आणि खालच्या थराखाली भाताचा पेंढा घालतात. गेल्या दोन खेपांत दबलेला माल बराच कमी निघाला, असे त्यांनी मला सांगितले. आपल्यापैकी कोणाला आपल्या गाडीचा हिशोब करून हवा असेल, तर आर.सी. बुक आणि वजनकाट्याच्या दोन्ही पावत्या घेऊन बाजाराच्या दिवशी पंचायत समितीच्या कृषि विभागात या, बसून मांडू.