यकृतातली चरबी आणि जीवनसत्त्वं

सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ‘फॅटी लिव्हर’ असं वाचलं, की काहीजण थेट औषधाच्या दुकानात जाऊन जीवनसत्त्वांच्या गोळ्या मागतात. मंडळी, जरा थांबा!

अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वं चरबीत विरघळतात. जास्त झाली, तर लघवीवाटे सहज निघून जात नाहीत. ‘अ’चा मोठा साठा तर यकृतातल्याच ताऱ्याच्या आकाराच्या पेशींत असतो. चरबीमुळे यकृताला सूज आली, की या पेशी तो साठा गमावतात आणि चिवट तंतू तयार करू लागतात. यकृत हळूहळू कडक होतं ते यामुळे. मग ‘अ’च्या गोळ्या घ्यायच्या? मुळीच नाही, अति ‘अ’ यकृतालाच इजा करतं.

फॅटी लिव्हर असलेल्या रुग्णांत ‘ड’ बरेचदा कमी आढळतं, पण ते दिल्यानं चरबी उतरते, असं ठामपणे सिद्ध झालेलं नाही.

‘ई’ची गोष्ट निराळी. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन चाचणीत, यकृताला सूज असलेल्या पण मधुमेह नसलेल्या रुग्णांना ९६ आठवडे रोज ८०० युनिट ‘ई’ दिलं. ४३ टक्के रुग्णांत सुधारणा दिसली. औषध नसलेल्या गोळीवर १९ टक्के. तंतू मात्र फारसे हटले नाहीत. आणि एवढा मोठा डोस डॉक्टरांनीच ठरवायचा असतो, शेजाऱ्यांनी नव्हे.