चुलीची निगा

आजच्या भाषणाचा विषय ऐकून कित्येक श्रोते मनांत हंसतील. घरोघर गॅस आला असतां चुलीच्या साफसफाईवर बोलावयास हा पंतोजी कशाला बसला, असेंही कोणी म्हणेल. परंतु भिवंडी शहर सोडून वाड्याच्या रस्त्याला लागावें. संध्याकाळच्या वेळीं कौलांतून धूर निघतांना अजूनही दिसतो. २०१६ सालीं उज्ज्वला योजना सुरू झाली आणि खेडोपाडीं गॅस पोंचला, हें खरें. तथापि आंघोळीचें पाणी आणि तांदळाची भाकरी यांसाठीं पुष्कळ घरांत चूल राहिलीच आहे. आपल्यापैकीं अनेकांच्या गांवच्या घरींही ती असेल. म्हणून तिच्याविषयीं चार अनुभवाच्या गोष्टी सांगतों.

प्रथम माझी चूक सांगतों. १९८० नंतरच्या दशकांत सरकारनें सुधारित चुलींचा देशव्यापी कार्यक्रम हातीं घेतला. धुराड्याची तशी एक चूल आमच्या खेड्यांतील घरीं बसली. दोन भांडीं एकदम शिजत, धूर नळीवाटे छपराबाहेर जाई, आणि आमच्या मातुश्रींचें पदरानें डोळे पुसणें थांबलें. दुसऱ्या पावसाळ्यानंतर मात्र धूर पुन्हा घरांत कोंडूं लागला. आम्हीं चुलीला दोष दिला, ती देणाऱ्यांना दिला, आणि मातुश्री मुकाट्यानें जुन्या चुलीकडे परतल्या. कित्येक वर्षांनीं कौलें चाळतांना ती नळी उतरविली, तों आंत काजळीनें मनगट जाईल एवढीही वाट उरली नव्हती ! ऊन हवा वर चढते हा धडा मी वर्गांत दरसाल शिकवीत होतों; पण स्वतःच्या घरांतली नळी एकदांही झाडली नव्हती. मातुश्रींचा खोकला तोंपर्यंत जुना झाला होता. तो शेवटपर्यंत गेला नाहीं.

हें आमच्याच घरीं झालें असें नाहीं. २००२ सालीं तो कार्यक्रम बंद झाला, तेव्हां देखभालीअभावीं निकामी झालेल्या चुली हें त्याच्या अपयशाचें एक मोठें कारण मानलें गेलें.

आतां निगा कशी राखावी तें पाहूं. रोज सकाळीं, चूल पेटविण्यापूर्वीं, राख काढावी. राख सांचली कीं लांकडाखालून वारा जात नाहीं. ज्वाळा मंदावते आणि धूर वाढतो. राखेच्या पोटांत निखारा रात्रभर जिवंत राहतो, हें मात्र विसरूं नये. राख पत्र्याच्या डब्यांत भरून झांकण ठेवावें. प्लास्टिकच्या बादलींत किंवा पेंढ्याजवळ कधींही टाकूं नये. राखेंत क्षार असल्यामुळें भांड्याचा तेलकटपणा तिनें चटकन् निघतो. अॅल्युमिनियमच्या भांड्यांना मात्र तोच क्षार खातो.

आठवड्यांतून एकदां भेगा पाहाव्या. चिकणमातींत भाताचा तूस व शेण कालवून भेगा बुजवाव्या आणि वरून पातळ सारवण करावें. तापलेल्या चुलीला ओली माती लावूं नये, ती तडकते. येथें एक चूक सर्रास होते. सारवणावर सारवण चढत जातें आणि वर्षा दोन वर्षांत चुलीचें तोंड व आंतील वाट नकळत अरुंद होते. यासाठीं चूल नवी असतांनाच तोंडाच्या मापाची एक काठी करून ठेवावी. ती बसेनाशी झाली कीं जुना थर खरवडून काढावा.

तिसरी गोष्ट धुराड्याची. ताज्या तोडलेल्या लांकडाच्या वजनांत जवळजवळ निम्में पाणी असतें. तें पाणी उडून जाईपर्यंत आंच मंद राहते, आणि अर्धवट जळलेला धूर नळीच्या थंड भिंतीला डांबरासारखा चिकटतो. हें पूट पुढें पेटही घेतें. म्हणून जळण पावसापूर्वीं फोडून पडवींत रचावें आणि नळी महिन्यातून एकदां झाडावी. चूल पूर्ण निवल्यावर तिचीं तोंडें ओल्या पोत्यानें झांकावीं, आपल्या नाकातोंडाला फडकें बांधावें, बांबूच्या काठीला काथ्याचा बोळा घट्ट बांधून तो वरून खालपर्यंत फिरवावा आणि खालीं पडलेली काजळी काढून घ्यावी. शिडी धरावयास एक माणूस असावा. नळीवरची टोपी पावसाळ्यापूर्वीं तपासावी. वाट मोकळी झाली कीं नाहीं हें पारखणें सोपें आहे : चूल पेटवून नळी तापली कीं कागदाचा पेटता तुकडा तोंडाशीं धरावा. ज्वाळा आंत ओढली गेली तर काम झालें.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें २०२० सालीं घरगुती इंधनाच्या धुरामुळें जगांत सुमारें ३२ लक्ष माणसें दगावलीं. चुलीपुढें बसणारी बाई हा धूर सर्वांत अधिक घेते. आणि ती तक्रार करीत नाहीं, म्हणूनच तो आम्हां पुरुषांना दिसत नाहीं. चूल सारवणें हें बायकांचें काम म्हणून आपण हात झटकतों. पण शिडी लावून छपरावर कोणीं चढावयाचें ?

तेव्हां, श्रोतेहो, पुढच्या वेळीं गांवीं जाल, तेव्हां ओटीवर बसण्यापूर्वीं एकवार स्वयंपाकघरांत जा आणि चुलीवरची भिंत पाहा. ती नव्यानें काळी होत असेल तर कोणास विचारीत बसूं नका. त्याच दिवशीं काठी आणि काथ्या घेऊन वर चढा.