सरासरीच्या आड दडलेला शेतकरी
(पाली, जि. रत्नागिरी येथील भाषणाचा मजकूर)



पालीच्या परिसरात एकाच पावसावर दोन प्रकारचे भात उभे असते. सखल खाचरात पाणी टिकते. चढावरच्या हलक्या जमिनीत पंधरवड्याची उघडीप पडली की पीक करपते. दोहोंची सरासरी काढता येते. परंतु त्या सरासरीइतके भात कदाचित कोणाच्याच खळ्यावर आलेले नसते. कारभार मात्र त्या एका आकड्यावर चालतो.

पूर्वी सोळा आणे म्हणजे पूर्ण पीक, अशी आणेवारी होती. पुढे तिची पैसेवारी झाली. गावाची पैसेवारी ५० च्या आत आली तर टंचाईच्या सवलती, वर गेली तर काही नाही, असा दंडक दीर्घकाळ चालला. ४९ आणि ५१ यांत खरोखर अंतर आहे, की तो केवळ निवडलेल्या शेतांचा योगायोग आहे, हा प्रश्न तेथे उपस्थितच होत नसे.

तो प्रश्न सातारा जिल्ह्यातील बुध गावी १९११ साली जन्मलेल्या पां. वा. सुखात्मे यांनी हाती घेतला. १९४० च्या दशकात त्यांनी व वि. गो. पानसे यांनी नजरअंदाजाऐवजी चिठ्ठ्यांच्या पद्धतीने शेत निवडून पीक कापण्याची रीत रुजवली. कापणीचा तुकडा फार लहान घेतला तर कडेची रोपे आत ओढली जातात व उत्पन्न फुगते, हेही सुखात्म्यांनी दाखवून दिले. प्रामाणिक हातांनीही चूक होते, कारण ती पद्धतीतच असते.

कारखान्यात हाच विचार वॉल्टर शूहार्ट यांनी १९२४ मध्ये मांडला. १९४७-४८ मध्ये ते भारतातही येऊन गेले. काही चढउतार व्यवस्थेच्या घडणीतूनच येतात, काहींना वेगळे कारण असते. पहिल्या प्रकारासाठी कामगाराला धारेवर धरणे हा अन्याय आहे आणि निरर्थकही. कारण ती व्यवस्था बदलण्याचा अधिकार कामगाराकडे नसतो, व्यवस्थापकाकडे असतो.

२०१६ पासूनच्या पंतप्रधान पीक विमा योजनेतही भरपाईचा हिशेब क्षेत्राच्या सरासरीवर बांधला गेला. म्हणून ग्रामसभेने केवळ आकडा विचारून थांबू नये. किती शेते कापली, ती कोणी व कशी निवडली, त्यांच्या उत्पन्नात किती तफावत होती, हे विचारावे. सरासरी जाहीर करणाऱ्याने तफावतही जाहीर केलीच पाहिजे. चढावरचा शेतकरी त्या तफावतीतच उभा आहे.