ई-मेलचे खाते जोडताना

मी आयुष्यभर परिचारिका होते. संगणक ही माझी विद्या नव्हे. तरीही आयर्लंडमधील एक हकीकत मला स्वस्थ बसू देत नाही. १६ मार्च २०२१ रोजी तेथील सार्वजनिक आरोग्यसेवेत एक फसवा ई-मेल आला. दोन दिवसांनी त्याला जोडलेली एक्सेल फाइल उघडली गेली. चोर आठ आठवडे आत वावरले आणि १४ मे रोजी त्यांनी संगणकांतील माहिती कुलूपबंद केली. रुग्णालयांना कागद-पेनावर यावे लागले. यंत्रणा जवळजवळ पूर्ववत होण्यास सप्टेंबर उजाडला. तपासणीचा अहवाल हाती नसताना रुग्णाच्या उशाशी उभे राहणे काय असते, हे मी जाणते.

म्हणून थंडरबर्डसारख्या प्रोग्रॅममध्ये खाते जोडताना सेटिंग स्वतः वाचावे. आयमॅपने येणाऱ्या टपालासाठी एसएसएल/टीएलएस व पोर्ट ९९३. जाणाऱ्यासाठी तेच व ४६५, अथवा स्टार्टटीएलएस व ५८७. सुरक्षेच्या रकान्यात ‘काही नाही’ असेल, तर पासवर्ड वाटेत वाचला जाऊ शकतो. प्रमाणपत्राविषयी इशारा आल्यास तेथेच थांबावे. जीमेलसाठी ओऑथ२ निवडावे. मग पासवर्ड गुगलच्याच पानावर भरला जातो. द्विस्तरीय पडताळणी तर हवीच, कंटाळा आला तरी!

मात्र हे कुलूप वाटेपुरते आहे. सुरक्षित वाटेने लबाडाचे पत्रही येते. औषध देण्यापूर्वी आम्ही बाटलीवरचे नाव वाचत असू, तसा पाठवणाऱ्याचा संपूर्ण पत्ता वाचावा. परदेशातील नातवाने ई-मेलने अचानक पैसे मागितले, तर आपल्या वहीतील त्याच्या जुन्या नंबरावर आधी फोन करावा.