‘हॅकर’ म्हणजे कोण?
(अभ्यासवर्गातील भाषण)



गेल्या बैठकीत एका तरुण साथीने स्वतःला अभिमानाने ‘हॅकर’ म्हणवून घेतले आणि दुसऱ्याने त्याला तोंडावर चोर ठरविले. वाद अर्धवट राहिला, म्हणून या शब्दाची हकीकत मांडतो.

अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत १९५० च्या दशकाच्या अखेरीस विद्यार्थ्यांचे एक मॉडेल-रेल्वे मंडळ होते. रुळांखालच्या तारांची जुळणी करण्यात गढलेली ही मुले एखाद्या चतुर युक्तीला ‘हॅक’ म्हणत. पुढे ती संगणकाकडे वळली. केलेला प्रोग्राम यंत्राजवळच्या खणात ठेवावयाचा, ज्याला वाटेल त्याने तो घ्यावा आणि सुधारावा, अशी त्यांची रीत होती. खाजगी मालकीची बाधा तेथे नव्हती.

मात्र हा शब्द तेव्हाही अगदी सोवळा नव्हता. १९६३ सालीच तेथील विद्यार्थी-वृत्तपत्राने टेलिफोन यंत्रणेशी खोड्या करणाऱ्यांना ‘हॅकर’ म्हटले होते. तेव्हा ‘पत्रकारांनी आमचा शब्द नासविला’ ही तक्रार निम्मीच खरी. १९८३ साली ‘वॉरगेम्स’ हा चित्रपट आला, त्याच वर्षी मिलवॉकीच्या काही पोरांनी परक्या संगणकांत शिरकाव केल्याचे गाजले, आणि हॅकर म्हणजे घरफोड्या हा अर्थ पक्का झाला. जुन्या मंडळींनी चोरांसाठी ‘क्रॅकर’ हा शब्द सुचविला. लोकांनी तो उचलला नाही. शब्द असे हुकमाने चालत नाहीत!

परंतु हा केवळ कोशकारांचा तंटा नव्हे. आपल्या २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात कलम ६६ चे शीर्षकच ‘हॅकिंग’ होते, आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंत. २००८ च्या दुरुस्तीने तो शब्द काढून अप्रामाणिकपणे वा लबाडीने केलेल्या कृत्यांवर बोट ठेवले. हे योग्यच झाले. शिक्षा कृत्याला असावी, नावाला नव्हे.

दरम्यान भांडवलानेही या शब्दावर हात मारला. २०१२ साली फेसबुकने भागविक्रीच्या कागदपत्रांत ‘हॅकर मार्ग’ हे आपले ब्रीद म्हणून मिरविले. त्या मार्गावर सर्वांसाठी उघडा खण कोठे होता, हे मात्र सांगितले नाही. आणि एमआयटीच्याच जाळ्यातून संशोधन-लेख मोठ्या संख्येने उतरवून घेतल्याबद्दल ज्याच्यावर खटला भरला गेला, त्या आरन स्वार्ट्झने जानेवारी २०१३ मध्ये, वयाच्या २६ व्या वर्षी आत्महत्या केली.

आपल्या त्या साथीला चोर म्हणणाऱ्यांनी, त्याने नेमके काय उघडले आणि कोणासाठी, एवढे तरी आधी विचारावयास हवे होते.