मूकपटांतील पिशाच्च आणि त्याचे प्रेक्षक

ता. ४ मार्च १९२२ रोजीं बर्लिनच्या प्राणिसंग्रहालयांतील संगमरवरी दिवाणखान्यांत ज्यांना निमंत्रण होतें, त्यांना आपल्या आजा-पणज्यांच्या काळचा पोषाख करून येण्याची विनंति केलेली होती. प्रसंग होता ‘नोस्फेराटू’ या मूकपटाच्या पहिल्या खेळाचा. दिग्दर्शक फ्रीड्रिख मुर्नाऊ यांनीं कथेचा काळ १८३८ हा धरला होता. तेव्हां प्रेक्षकांनींहि त्याच काळांत शिरावें, अशी ही योजना. खेळानंतर नृत्याचा समारंभ झाला. भयपटाचें स्वागत इतक्या थाटानें क्वचितच झालें असेल.

कथा थोडक्यांत अशी. हुटर नांवाचा तरुण ट्रान्सिल्व्हानियांतील काउंट ओर्लोक याला घर विकावयास जातो. हा काउंट दिवसा शवपेटींत निजतो व रात्रीं माणसांचें रक्त पितो. आपल्याकडील मुंजा बिचारा पिंपळ सोडीत नाहीं. हें पिशाच्च मात्र रीतसर करार करून समोरचें घर विकत घेतें आणि जहाजांतून उंदीर व मरी बरोबर घेऊन येतें. पुढें शहराच्या अरुंद रस्त्यानें एकामागून एक शवपेट्या जातात आणि हुटरची पत्नी एलेन खिडकींतून तें पाहत राहते. १९२२ सालच्या जर्मन प्रेक्षकाला हें दृश्य निव्वळ कल्पित कसें वाटावें? महायुद्धांत सुमारें वीस लक्ष जर्मन सैनिक मेले होते आणि १९१८ सालच्या इन्फ्लुएंझाच्या सांथीला चारच वर्षें लोटलीं होतीं.

तथापि भय केवळ ओर्लोकच्या लांब नखांत नव्हतें, हें जाणत्यांनीं तेव्हांच ओळखलें. बेला बालाझ या हंगेरियन टीकाकारास त्यांतील निसर्गदृश्यांमधून जणूं परलोकांतील गार वाऱ्याची झुळूक येत असल्याचा भास झाला. पॅरिसमधील प्रकार त्याहून चमत्कारिक. पुलापलीकडे जातांच पिशाच्चें हुटरला सामोरीं आलीं, अशा अर्थाची पाटी फ्रेंच प्रतींत होती. आंद्रे ब्रेताँ व त्यांच्या अतिवास्तववादी मित्रांना त्या ओळीनें अक्षरशः झपाटलें. गंमत ही कीं, मूळ जर्मन पाटींत तसे शब्दच नाहींत. भाषांतरकाराच्या स्वैरपणानें ती ओळ जन्मास घातली!

चित्रपटावर स्वतःवरहि मरणाची पाळी आली होती. त्याची कथा ब्रॅम स्टोकर यांच्या १८९७ सालच्या ‘ड्रॅक्युला’ कादंबरीवरून, परवानगीवांचून, नांवें बदलून घेतलेली होती. स्टोकर यांच्या विधवा पत्नी फ्लॉरेन्स यांनीं दाद मागितली. निर्माती कंपनी तोंवर दिवाळखोरींत निघालेली. भरपाई कोठून मिळणार? अखेर १९२५ सालीं सर्व प्रती नष्ट करण्याचा न्यायालयानें हुकूम दिला. परदेशीं गेलेल्या कांहीं प्रती तेवढ्या वांचल्या.

परंतु वांचलें तें काय? प्रतीवरून प्रत काढतांना मूळचे रंग गेले. मुर्नाऊ यांनीं रात्रीचीं दृश्यें दिवसा उन्हांत घेऊन तीं निळ्या रंगांत बुडविलीं होतीं, आणि निळें म्हणजे रात्र हें त्या वेळच्या प्रेक्षकाला सांगावें लागत नसे. काळ्या-पांढऱ्या प्रतींत ओर्लोक लख्ख उन्हांत शवपेटी काखेंत मारून रस्त्यानें चाललेला दिसूं लागला. आणि सूर्यकिरणांनीं मरणारें हें भूत दुपारीं हिंडतें कसें, म्हणून लोक हसले. त्यांत बोलपटांच्या यंत्राचा वेग सेकंदास २४ चित्रांचा, मूकपटांचा सामान्यतः त्याहून कमी. त्यामुळें पात्रें तुरुतुरु धांवूं लागलीं. शिवाय हान्स एर्डमान यांचें संगीतहि साथीस नव्हतें. आपल्याकडील मूकपटगृहांत पेटी-तबल्याची साथ ज्यांनीं अनुभवली, त्यांना तिच्यावांचून पडदा किती ओका दिसतो हें निराळें सांगावयास नको होतें. हसणाऱ्यांना दोष देणें अन्यायाचें होईल. त्यांनीं पाहिलेला चित्रपट मुर्नाऊ यांचा नव्हताच. खरा दोष, असल्या प्रतीवरून जुन्या काळचे लोक भोळे होते असा निकाल देणाऱ्या पंडितांचा.

पुढें जुन्या रंगीत प्रतींचा शोध लागून, विशेषतः १९८० नंतर, चित्रपटाचा जीर्णोद्धार होत गेला. आतां निळी रात्र पुन्हा निळी दिसते. शेवटीं ओर्लोकची छाया जिना चढते, तिच्या लांब बोटांची छाया एलेनच्या हृदयावर मिटते, आणि तो पिशाच्च तिच्याजवळ भान विसरून राहतो. एवढ्यांत पडद्यावर गुलाबी छटा येते. पहाट झाल्याचें प्रेक्षकाला कळतें; ओर्लोकला अजून कळलेलें नसतें.